उतरंडीतला पहिला धातू

अकोला
ता. १०-१०-५८

ती. स्व. सौ. गोदाताईस,
नारायणाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. अनुपमाचा खोकला गेला. लेक अकोल्याला मामाकडे शिकायला गेल्यापासून आईला विसरली, असं तू लिहितेस. विसरत नाही गं, पण तिला फुरसत कुठे आहे? तिनं आमच्या घरमालकांची लोखंडी किल्ली मोरचुदाच्या पाण्यात सोडली आणि तांब्यासारखी लाल करून दाखवली. बोलणी मला खावी लागली. वर तिनंच मला समजावलं की लोखंड तांब्याहून उतावीळ, ते स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. एकानं दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. मीच वर्गात शिकवलेलं मलाच ऐकवते! आता सेलला तारा जोडून विजेनं मुलामा कसा चढतो ते बघायचं म्हणते. मॅट्रिक झाली की तिला कॉलेजात सायन्सला घालायचं भावजींनी कबूल केलं आहे, त्याची त्यांना आठवण देत जा.

येत्या खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत पूजा आहे. वाणी तराजू पुजतो, तसे आम्ही बर्नर आणि काचेच्या नळ्या पुजतो. गुरुजी बाहेरून बोलावत नाहीत. आपल्या अण्णांनी लहानपणी पाठ करून घेतलेली पूजा हेडमास्तर माझ्याकडून फुकटात करवून घेतात. यंदा अनुपमाच्या डोक्यात आलं की तबकात धातू मांडायचे, तेही क्रियाशीलतेच्या उतरंडीनं. पहिला सोडियम, मग मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, तांबं आणि शेवटी तिची चांदीची अंगठी. सोडियम पाण्याला लागला की पेटतो, म्हणून घासलेटात बुडवून ठेवावा लागतो. त्याची वाटी घासलेटासकट तबकात येईल.

माझी काळजी करू नये. लोभ आहेच, तो वाढत राहू द्यावा.

तुझा
नारायण

अमरावती
ता. १४-१०-५८

चि. नारायणास,
गोदावरीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. अरे, पूजेच्या तबकात घासलेट? अण्णा असते तर त्यांनी तुला सोवळ्यासकट विहिरीवर पाठवलं असतं. तुझा तो धातू एवढा नाजूक असेल तर पूजेपुरता पुसून ठेव आणि मग घाल परत बाटलीत. देवापुढे वास नको, एवढंच माझं म्हणणं. बाकी तुमच्या शास्त्रातलं मला काय कळतंय!

ह्यांना आठवण दिली. मुलीला एवढं शिकवून काय करायचं, असं दोनदा म्हणाले. पण शेजारच्या मैनाबाईंना आमची अनुपमा सायन्सला जाणार असं स्वतःच सांगून आले. तिला डॉक्टरीण झालेली बघायची मला फार हौस आहे. मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मी रडले होते, ते तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास.

इथला धर्मपाल अकोल्याला निघाला आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवते. त्यातल्या चकल्या तिच्या, तुझ्या नव्हेत. सुखरूप असावे, पत्र टाकावे.

तुझी
ताई

अकोला
ता. २६-१०-५८

ती. स्व. ताईस,
सा. न.

भावजी अनुपमाला घेऊन गेले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या लेकीला हात धरून त्यांनी गाडीत चढवलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना सोबत लागेल म्हणून मी येतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे न पाहता नको म्हणून मान हलवली. काय झालं ते तुला त्यांच्याकडून कळलं असेल, तरी माझ्या हातानं लिहायला हवं.

घासलेटाचा वास मलाही नको वाटला. मीच अनुपमाला सांगितलं की तुकडा टिपकागदानं पुसून तबकात ठेव, कोरड्या हवेत तेवढ्यानं काही होत नाही. ती नको म्हणत होती. मी मास्तर, म्हणून तिनं ऐकलं.

पूजा मीच सांगत होतो आणि मीच करत होतो. अण्णांनी शिकवलेला हात तोंडामागे आपसूक चालतो, त्याला डोकं लागत नाही. मी ‘स्नानं समर्पयामि’ म्हणालो आणि पळीभर पाणी तबकात सोडलं. अनुपमा ओरडली, “मामा, पाणी नको!” ती तबक ओढायला वाकली होती. त्याच वेळी तो तुकडा फुटला आणि पेटते कण तिच्या डोळ्यांत गेले.

आमचा शिपाई पुंजाजी यानं घागर आणली, आम्ही तिचे डोळे धूत राहिलो. तो मला एवढंच म्हणाला, “मास्तर, पोरायले तुमीच सांगता नं, याले पानी लावू नका म्हनून?” ताई, मला तिथेच मरण यायला हवं होतं.

तू पुसून ठेव लिहिलं होतंस, ते मनाला लावून घेऊ नकोस. पाणी मी टाकलं. मी राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला. पुन्हा वर्गात उभं राहून धातूंचा पाठ देणं माझ्याच्यानं होणार नाही. अनुपमाला हे कळू देऊ नये. पट्टी सोडतील तेव्हा काय दिसतं, काय नाही, ते मला लगेच कळव.

नारायण

अमरावती
ता. २१-११-५८

चि. नारायणास,
आशीर्वाद.

दिवाळीत आम्ही दिवे लावले नाहीत. काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी बसवलं. तिनं तोंड बरोबर उन्हाकडे वळवलं आणि म्हणाली, ऊन आहे. मी तिथेच हात जोडले. मग डॉक्टरांनी खिडकीवर घोंगडी धरली. गालावरचं ऊन गेलं तशी ती म्हणाली की ढग आला. डॉक्टर बाहेर येऊन ह्यांना म्हणाले की दोन्ही डोळे गेले, आता कुठल्याही मोठ्या गावी नेऊन उपयोग नाही.

तुझ्यावर रागवायचं नाही असं रोज ठरवते. रोज सकाळी तिला न्हाणीपर्यंत धरून नेते आणि तुझा राग येतो. मग वासाचं मीच लिहिलं होतं हे आठवतं आणि कुणावर रागवायचं ते कळत नाही. आता इकडे येऊ नकोस. ह्यांच्यापुढे उभा राहू नकोस.

एक मात्र लिहायलाच हवं. तिनं तुला निरोप द्यायला सांगितलं आहे, की थोडं थोडं दिसायला लागलं, फळ्यावरचं मोठं अक्षर लागेल असं डॉक्टर म्हणाले. तिचं म्हणणं, मामाला खरं कळलं तर तो शिकवणं सोडील. असं खोटं मला लिहिता येत नाही, पण लिहिलं असं मी तिला सांगितलं आहे. तू तिला पत्र पाठव. मी वाचून दाखवीन.

ताई

अकोला
ता. २५-११-५८

चि. अनुपमा हिस,
नारायणमामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र आलं. तुला दिसायला लागलं हे वाचून इतका आनंद झाला की मी ते पत्र शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवलं. पुंजाजीनं पेढे मागितले.

माझे तास नेहमीसारखे चालू आहेत. काल विजेनं मुलामा चढवायचा पाठ घेतला. पोरं फार दंगा करतात, तुझी जागा रिकामी असल्यामुळे पटकन उत्तर द्यायला कुणी नसतं. तुझ्यासाठी टिपणं काढून ठेवतो आहे. बरी झालीस की आपण दोघं मिळून वाचू.

मात्र घाई करू नकोस, डोळ्यांना इतक्यात ताण द्यायचा नाही. माझं अक्षर बारीक आहे, तेव्हा हे पत्र तू स्वतः वाचत बसू नकोस, आईकडून वाचून घे.

तुझा
मामा