समुद्रफुलानं पाय रोवला

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न उठवताच कामावर निघाले. माशांच्या टाकीतलं आपलं समुद्रफूल वाचलं! पंपात ओढलं गेल्यापासून नुसतं लोळागोळा होऊन पडलं होतं. आज त्यानं दगडाला घट्ट पाय रोवलाय आणि सगळ्या बोटांनी फुललंय. पंपावरची जाळी काढू नका. दुपारी कोळंबीचा नखाएवढाच तुकडा द्या, लाडानं जास्त भरवू नका.

"गेलं ते, टाकून दे," म्हणणारे तुम्हीच, आणि काल टाकीपाशी बसून त्याला "धीर सोडू नकोस रे," म्हणणारेही तुम्हीच! आई गेल्यापासून तुम्ही एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हातातला तुमचा चहा गार झाला, तरी तुमचं बोलणं तुटू नये म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

तुमची,
चिमणी