देवळाचे पत्रे

पाळकसाहेब, तुमी जाऊन लय वर्सं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेला न्हाई. आज मात्र मी खुशीत हाय. सांगलीला शिकणारी माझी नात आपल्या मेथडिस्ट चर्चच्या देवळाचा इतिहास लिहितीय. परवा वही घेऊन आली न् म्हणाली, "आज्जे, कमिटीच्या कागदात हाय, देऊळ पाळकसाहेबांनी बांधलं. खरं का?" मी चौथीत शाळा सोडलेली बाई, पण म्हटलं, "आधी चहा ठेव, मग सांगते."

पहिलं देऊळ गवताचं, पावसात गळायचं. मग दगडी भिंती आल्या, त्या तुमी उभ्या केल्या, खोटं कशाला बोलू. पण वरचे पत्रे? ते बायांचे. रोज भाकरी थापायच्या आधी प्रत्येकीनं एक मूठ ज्वारी घरातल्या देवाच्या मडक्यात टाकायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपापलं मडकं वेदीपाशी न्यायचं. त्या ज्वारीच्या पैशावर पत्रे चढले. आता तिथं स्लॅब हाय, न् खाली अशी गुळगुळीत फरशी की माझा पाय घसरतो.

एका महिन्यात आमी तिघं भावंडं तापानं पडलो. आईनं देवाची ज्वारी काढून कण्या शिजवल्या, मडक्यात भुसा भरला न् वर चार मुठी दाणे पसरले. तुमी मडकं उचललं, हाताला हलकं लागलं. गुमान ठेवायचं का न्हाई? सगळ्यांसमोर चादरीवर पालथं केलंत. भुसा उडतोय, बाया तोंडाला पदर लावतायत, न् तुमी म्हणताय, "बाई, देवाला फसवतीस व्हय?" आई म्हणाली, "देवाला ठावं हाय, साहेब. तुमीच इचारलं न्हाई." ती परत देवळाची पायरी चढली न्हाई. आपल्या ज्वारीचे पत्रे रस्त्यावरनं बघायची.

नात म्हणाली, "आज्जे, कमिटी चिडंल." "चिडू दे की! त्यांच्या आज्यांच्या बी मुठी हायत त्यात." न् कमिटीनं मानलं बघा! रविवारी भर उपासनेत वाचणार, आईच्या नावासकट. मी इस्त्रीची साडी काढून ठेवलीय.

हे तुमाला ऐकवायचंच होतं, म्हणून लिहिलं. कागद ट्रंकेतच राहील. आई गेली तवा तिच्या पेटीला पहिला खांदा तुमी दिलात, पार कबरस्तानापर्यंत सोडला न्हाई. "साहेबांनी नंतर कवा तोंड दाखवलं का?" असं नातीनं दोनदा इचारलं. मी म्हटलं, आठवत न्हाई.