काचेखालचा विस्तव

आई, आपल्या घरात आता जाळ उरलेला नाही. विजेवर चालणारी काचेची शेगडी आली आहे, खाली ओव्हन असलेली. काळी, सपाट, आरशासारखी. खटका फिरवला की काचेखाली एक वर्तुळ लाल होतं. बंद केला की लाली निघून जाते आणि काच पुन्हा काळी होते, जणू काही घडलंच नाही. पण तेव्हाही ती तापलेलीच असते. तुझ्या चुलीतली आग दिसायची, तडतडायची, तिचा धूर डोळ्यांत जायचा. ही आग स्वतःहून काहीच सांगत नाही. कडेला एक बारीक दिवा तेवढा असतो, तो विझेपर्यंत काचेला हात लावायचा नाही.

गॅस काढावा लागला तो बाबांमुळे. उमेळ्याची वाडी, भाताची खाचरं, बांधावरची भांडणं त्यांना लख्ख आठवतात, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी पुसलेलं असतं. पहिला चहा मात्र ते स्वतःच करायचे, तू असताना करायचे तसाच. एकदा गॅसचा खटका फिरवला, पेटवायचं विसरले आणि शांतपणे गॅलरीत जाऊन बसले. मी झोपेत होते. शेजारणीला वास आला आणि तिनं दार ठोठावलं, म्हणून आज हे लिहायला मी आहे.

शेगडी जोडायला आलेला माणूस एकेक गोष्ट समजावून सांगत होता. हिला वेगळी लाइन आणि अर्थिंग लागतं. भांड्याचं बूड सपाटच हवं. तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवायचं नाही, वाफेनं हात पोळतो. ओव्हनमधला ट्रे काढायला फडकं जाड हवं आणि कोरडं हवं, आणि दार उघडताना तोंड बाजूला ठेवायचं. बाबा खुर्चीवरून ऐकत होते.

"हिच्यात इस्तव कुठं हाय?"

"काचेखाली, आजोबा."

"मंग दिसत कसा नाय?"

तो हसला. मग मला म्हणाला, "मॅडम, लहान मुलांसाठी कुलूप पण आहे. हे बटन दाबून धरलं की शेगडी चालूच होत नाही." मी बाबांकडे न बघता ते बटन दाबून धरलं.

"घरात पोर कोन हाय?" बाबांनी विचारलं.

त्या दिवसापासून चहा मी करू लागले. बाबांच्या हातात कप दिला की ते बराच वेळ नुसता धरून बसायचे. एकदा म्हणाले, "पाव्हन्यासारखा चा मिळतो आता मला." आई, माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर त्यांचा हात भाजू द्यायचा, नाहीतर त्यांना स्वतःच्या घरात पाहुणा होऊ द्यायचं. मी कुलूप निवडलं होतं, आणि ते रोज थोडे थोडे गप्प होत चालले होते.

त्यातच एकदा नानकटाईसाठी ओव्हन तापवायला घेतला. आधी आत डोकावायची सवय लागली होती, तीच उपयोगी पडली. आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली चिंच होती. "तुझी आये चुलीवरच्या फळीवर ठेवायची," बाबा म्हणाले. "पावसात चिंचेला ऊब नको?" मी रागावू शकले नाही. तू खरंच ठेवायचीस. पण ओव्हन सुरू झाला असता तर काय झालं असतं, ते मनातून जाईना. कुलूप काढायचा विचार मी सोडूनच दिला.

आणि मग ती सकाळ. चहाचं पातेलं उतरवून मी सिंकपाशी वळले होते. काच काळी झाली होती. तो बारीक दिवा पेटलेला होता, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो कुठून दिसणार? बाबा उठून कधी आले कळलं नाही. मी वळले तेव्हा त्यांचा हात काचेकडे निघालेला. आणि हात वरच थांबला. त्यांनी तो उलटा केला, तळवा आभाळाकडे. झोपलेल्या बाळाचा श्वास बघावा तसा सावकाश खाली आणला, आणि काचेच्या वीतभर वर धरला.

"जागी हाय," ते म्हणाले. "निजू दे."

मी तिथेच लहान झाले. तू चुलीपुढे बसली आहेस, निखारे राखेखाली झाकलेले आहेत. बाबा विडी पेटवायला राखेत हात घालताहेत आणि तू ओरडतेस, "अवो, उलटा हात धरा आधी! तळव्याला घट्टे पडलेत, त्याला काय कळनार? मागची कातडी खरं सांगते." बाबा म्हणतात, "बायको केली का मास्तरीन?" आणि तरी हात उलटा करतात.

आई, हा माणूस कधी कधी माझं नाव विसरतो. तू गेलीस हेही विसरतो. आणि तुझं ते ओरडणं मात्र त्याच्या हातात शाबूत आहे, इतक्या वर्षांनी, जी आग तू कधी पाहिलीच नाहीस तिच्यासमोर. इतकं थक्क मला कशानंच केलेलं नाही. तू कुठे आहेस हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं होतं. तू वीतभर अंतरावर होतीस.

आता सकाळी मी कुलूप काढते आणि दारात उभी राहते. चहा बाबा करतात. मग भिंतीवरचा मोठा स्विच मी बंद करते. ते हात उलटा धरून "निजली" म्हणतात, तेव्हाच काच पुसायची. ते गॅलरीत गेले की मी कुलूप परत लावते. ते त्यांना ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून बोलत नाहीत.

हा कागद चहाच्या डब्याखाली राहील, दुसरीकडे कुठे पाठवणार? एक सांगायचं राहिलं. बाबा चहा दोन कपांत ओततात. "तुझ्या आयेला दे, गार होईल." सुरुवातीला मी त्यांना खरं सांगायचे, आणि दर वेळी ते नव्यानं ऐकायचे. आता सांगत नाही. कप घेऊन आतल्या खोलीत जाते. साखर फार असते, तुला लागायची तशी. मी बिनसाखरेचा पिणारी, पण तो सगळा पिते.