दादाचा पुढचा दात

मंगळवार, ४ मार्च

दादाचा दात हलतोय. वरचा. पुढचा. डावीकडचा.

लिहितानाही कसंतरी होतंय. आज बँडची तालीम संपल्यावर पैलवान आणि मास्तर जिना उतरले, तसं दादानं दार लावून घेतलं. "इकडे ये. बघ." आणि जिभेनं दात पुढे ढकलला. सैल झालेल्या कडीसारखा हलला!

दुसऱ्या कुणाचा असता तर हसले असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी दात हलायचेच. पण दादा ट्रम्पेट वाजवतो. ट्रम्पेट ओठावर टेकतं, ओठ दातांवर, आणि सगळा भार त्या पुढच्या दोन दातांवर. दात गेला की ओठाचा टेकू गेला, टेकू गेला की सूर गेला. नवा बसवून पुन्हा पहिल्यासारखं वाजायला वर्ष लागतं. काहींचं परत येतच नाही.

आणि रेकॉर्डिंग पंचवीस तारखेला!

तीस वर्षं आम्ही हॉटेलच्या हॉलमध्ये लोक चहा पीत असताना जॅझ वाजवतोय. लग्नांत वाजवलं, बोटींवर वाजवलं, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागे बसून वाजवलं. आपल्या बँडची, आपल्या चालींची रेकॉर्ड ही पहिली. रेकॉर्ड कंपनीच्या बाई स्वतः येऊन ठरवून गेल्या.

"कुणाला बोलायचं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. शपथ घे."

घेतली. काय करणार?

बुधवार, ५ मार्च

दादा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. "काय म्हणाले?" — "कधीही पडेल म्हणाले." बस्स. "काही इलाज?" — "काढणं हाच इलाज."

शुक्रवार, ७ मार्च

चारही चाली खालच्या पट्टीत उतरवून लिहिल्या, म्हणजे दादाला वरच्या सुरांसाठी जोर लावायला नको. पैलवानाला आणि मास्तरांना सांगितलं, कंपनीच्या बाईंना जरा गंभीर आवाज हवाय. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. केस सोडून बसले होते.

पैलवान म्हणजे आमचा ड्रमवाला. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. त्यानं नुसत्या भुवया उडवल्या. मास्तर बास वाजवतात आणि सकाळी शाळेत गणित शिकवतात, त्यांना मात्र राहवेना. "हे म्हणजे सगळा जिना चढायचा आणि गच्चीला कुलूप!"

तालमीची खोली लाँड्रीच्या वर. खालून वाफ येते, माझा पियानो दर आठवड्याला सुरातून उतरतो. आज मला वाटलं, आम्ही सगळेच उतरतोय.

सोमवार, १० मार्च

आज सूर फुटला. हॉटेलात. शेवटच्या चालीत दादानं सवयीनं वरचा सूर धरला आणि तो मधोमध फाटला — कापड टर्रकन फाटावं तसा. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी कप खाली ठेवला. मान वळवली नाही, नुसता कप ठेवला. तेच जास्त लागलं.

नंतर मागच्या बोळात पैलवानानं गाठलं. "खरं सांग. दादा परत प्यायला लागलाय?"

"काहीतरीच काय!"

"तोंडाला लवंगेचा वास येतो. मागच्या वेळीही यायचा."

नऊ वर्षं झाली दादाला दारू सोडून. लवंगेचं तेल तो दाताला लावतो! आणि मी तिथं उभी, तोंडात मिठाची गुळणी धरून.

मंगळवार, ११ मार्च

आज पडला नाही.

गुरुवार, १३ मार्च

वहिनी आली होती. न कळवता. वहिनी कधी न कळवता येत नाही.

पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. "चारला निघतो, साडेसहाला येतो. कुठे गेलास विचारलं तर अंगावर येतो. जेवताना पाव सोडून सूप मागतो. लवंगेचा वास. नऊ वर्षांपूर्वी असंच सुरू झालं होतं. पितोय का तो?"

"नाही वहिनी. पीत नाही."

"मग जातो कुठे?"

दातखीळ बसते म्हणतात ती काय, ते आज कळलं. मी चहाचं विचारलं. ती उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "शेवटी तू त्याचीच बहीण."

तेवीस वर्षांत वहिनी मला असं बोलली नव्हती.

शुक्रवार, १४ मार्च

सांगून टाकलं.

सकाळी तिच्या लायब्ररीत गेले. ती गाडा ढकलत पुस्तकं जागच्या जागी लावत होती. दोन कपाटांच्या मधे उभं राहून दात, लवंगेचं तेल, डॉक्टरकडच्या फेऱ्या — कुजबुजत सगळं ओकले. ती तिथल्या पायरीवर मटकन बसली.

"दात?"

"हो."

"नुसता दात?" आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. कोपऱ्यातल्या एका वाचकानं "शूऽऽ" केलं.

शपथ मोडली. पण वहिनीचा चेहरा बघून पश्चात्ताप होत नाही. आता दादाला काय वाटेल या विचारानं मात्र अन्न गोड लागेना.

शनिवार, १५ मार्च

दादाचा फोन. एकच वाक्य — "आपलेच दात आणि आपलेच ओठ!" आणि आपटला.

म्हणीनंसुद्धा वेळ साधली!

मंगळवार, १८ मार्च

तीन दिवस अबोला. आज तालमीला आला, माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ पैलवानासमोर उभा राहिला आणि तोंड उघडलं. "बघ. हलव हवा तर. दारू नाही, दात." पैलवानाचा चेहरा पडला. पुटपुटत होता, "दादा, मी आपला... चुकलंच माझं." मास्तरांनी वाकून दाताची पाहणी केली आणि म्हणाले, "आता कळलं गच्चीला कुलूप का."

मग दादा खुर्ची ओढून खिडकीशी बसला. "आज ओठाला विश्रांती. तुम्ही तिघं वाजवा."

मला वाटलं, शिक्षा करतोय.

आमच्यात चाल एकदा वाजवून झाली की प्रत्येकानं आळीपाळीनं एकट्यानं वाजवायचं असतं, तिथल्या तिथे सुचेल ते. तोच तर जॅझचा जीव. आणि मी ते करत नाही. सव्वीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांची होते, भरल्या हॉलमध्ये माझी पाळी आली आणि हात पट्ट्यांवर तसेच राहिले. काही म्हणजे काही सुचेना. हजार माणसं. दादानं पटकन ट्रम्पेट उचललं आणि माझी जागा भरून काढली. लोकांना वाटलं, तसंच ठरलं होतं. टाळ्याही पडल्या! तेव्हापासून माझी पाळी येतच नाही. मी दादाच्या मागे वाजवते. त्याचा श्वास कुठे संपणार, मला त्याच्या आधी कळतं. तेवढ्यावर निभावलं.

आज एक आवर्तन वाजवलं आणि दादाकडे बघितलं. त्यानं ट्रम्पेट उचललं नाही. खाली लाँड्रीवाल्यांचं गिऱ्हाईक बघत बसला. मी थांबले. बास एकटाच चालत राहिला, मग तोही थांबला.

"परत," दादा म्हणाला. तीन दिवसांतला माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

गुरुवार, २० मार्च

आजही ओठाला विश्रांती. आजही आम्ही तिघं. दोन आवर्तनं झाली. बोटं बर्फासारखी. मास्तर म्हणाले, "छान." मास्तर नापास झालेल्या मुलांनाही असंच म्हणत असतील.

शनिवार, २२ मार्च

दादा आणि मी तालमीहून चालत निघालो. बोलतोय आता. फळवाल्याकडे सफरचंदांचा ढीग होता, त्याकडे असा बघत होता की बाईमाणसाला लाज वाटावी.

म्हणाला, "रोज सकाळी आधी जीभ दातावर जाते, मग डोळे उघडतात. आहे का? आहे. मग दिवसभर तेच. भीतीचाही कंटाळा येतो गं."

"तीनच दिवस राहिलेत दादा. तेवढे काढ."

"आणि स्टुडिओतल्या त्या काचेच्या खोलीत तो सूर फाटला तर? हॉटेलात फाटतो, हवेत जातो. तिथे कायमचा राहणार."

"नाही फाटणार."

"मी नसलो तर तू काय करशील?"

"गप बस!" इतक्या जोरात म्हणाले की फळवाल्यानं वळून बघितलं.

घरी येऊन तीन तास पियानो बडवला. खालच्या शिंप्यानं दोनदा काठीनं छत ठोकलं. एकटी असले की काय वाटेल ते सुचतं. तिथे कोणी बघत नसतं ना!

सोमवार, २४ मार्च

उद्या. दुपारपासून तीनदा फोन केला. वहिनी म्हणते, झोपलाय. संध्याकाळी पाचला दादा झोपतो? बरं नाही का? "बरा आहे. तू कपडे काढून ठेव." मला काय कपड्यांची पडलीये!

मंगळवार, २५ मार्च

आत्ताच घरी आले. झोपायच्या आधी लिहूनच ठेवते.

सकाळी दहाला स्टुडिओत पोचलो. पैलवान ड्रम लावत होता, मास्तर बासच्या तारा पिळत होते. दादा सर्वांत शेवटी आला. तोंडावर रुमाल. ओठ सुजलेला. ट्रम्पेटची पेटी आणलीच नव्हती. ते बघूनच कळलं.

"पडला," दादा म्हणाला. "सकाळी. पाव खाताना."

कंपनीच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या, वाईट माणूस नाहीत, पण म्हणाल्या, "आज-उद्या नाही झालं तर पुढची तारीख पुढच्या वर्षीची. तेव्हा मी इथं असेन की नाही, सांगवत नाही."

"कशाला पुढच्या वर्षी? हे तिघं वाजवतील," दादा म्हणाला. त्याचे स शिट्टी होऊन बाहेर पडत होते. एरवी हसलो असतो.

मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "मला नाही जमणार. तुला माहितीये."

"जमतं तुला. तुझ्या खालच्या शिंप्याला विचार. गेल्या महिन्यात पँटचं माप घेताना म्हणाला, बाई वाजवतात तेव्हा मी मशीन थांबवतो. ठोकतो कधी, तर थांबल्या की!"

खोटं बोलत होता की खरं, देव जाणे. काचेच्या खोलीत लाल दिवा लागला.

चाल नीट झाली. मग माझी पाळी. आणि तेच! सव्वीस वर्षांपूर्वीचं तेच. हात तसेच. मी काचेकडे बघितलं — पलीकडे दादानं पाठ फिरवली होती. मुद्दाम. म्हणजे मला त्याच्याकडे बघता येऊ नये.

कोणीच माझी जागा भरायला आलं नाही. मास्तर बास वाजवत राहिले. पैलवान ड्रमवर ब्रशनं हळूहळू ढवळत राहिला. एक अख्खं आवर्तन रिकामं गेलं. मला वाटलं, मी इथेच मरणार. आणि मेले नाही. रिकामी जागा तशीच होती आणि ती इतकी वाईट नव्हती. मग एक पट्टी दाबली. एकच. परत तीच. मास्तरांनी मान वर केली. तिसरी वेगळी दाबली... पुढचं आठवत नाही. मास्तर म्हणतात, सात आवर्तनं झाली. पैलवान शेवटी ओरडलाच, ते रेकॉर्डवरही आलंय.

रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, सुरुवातीचा रिकामा भाग काढून टाकू का? दादा म्हणाला, "हात लावू नका."

बुधवार, २६ मार्च

उरलेल्या तिन्ही झाल्या. एकदा थांबले, दोनदा चुकले. झाल्या!

शनिवार, ५ एप्रिल

कंपनीच्या बाईंचा फोन. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर माझं नाव घालणार म्हणे. मी म्हटलं, बँड दादाचा आहे. त्या म्हणाल्या, "त्यांनीच लिहून पाठवलंय."

लोक काय म्हणतील? भावाचा दात पडला आणि हिचं साधलं. पैलवान म्हणतो, म्हणू देत. रडू आलं. दादानं वर्षभर वाट बघायची, आणि मी त्याच्या पडलेल्या दातावर नाव काढायचं.

बुधवार, ९ एप्रिल

वहिनीला ताप, म्हणून दादाबरोबर दातांच्या डॉक्टरकडे मी गेले. दादा आतल्या खुर्चीत, नव्या दाताचं माप द्यायला तोंडभर लगदा घेऊन. डॉक्टर बाहेर हात धुवायला आले. म्हणाले, "मी समजावलं होतं हो तुमच्या भावाला. रेकॉर्डिंगच्या चार-पाच दिवस आधी हलता दात मागून तारेनं बांधून दिला होता. सहा महिने काही झालं नसतं. तर रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दुपारी आले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढा. खुर्चीवरून उठेचनात."

माझ्यासाठी काढलास, की स्वतःच्या भीतीतून सुटलास?

रस्त्यावर आल्यावर दादानं गाल चोळत विचारलं, "काय सांगत होते गं डॉक्टर?"

"काही नाही. कडक खाऊ नका म्हणाले."