फिलिसच्या हसण्याची विल्हेवाट

मी, वाउटर आरेंट्स, हार्लेमचा चितारी, वय बासष्ट. जिना चढताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. माझ्या मागे भांडणे नकोत. करायची तेवढी मी जिवंतपणी करून घेतली आहेत.

१. ब्रश, रंग वाटायचा दगड आणि लाकडी पुतळी चिताऱ्यांच्या संघाला. निळा रंग मात्र पुतणी ट्राइन हिला. संघातल्या कोणालाही निळा जपून वापरता येत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेले आहे.

२. राहते घर पत्नी माखतेल्ड हिला. अट एकच: तिने तांब्याच्या पत्र्यावर खोदकाम करणाऱ्या हेरब्रांटशी लग्न करू नये. केल्यास घर अनाथालयाला जाईल. दुसऱ्या कोणाशीही करावे, माझी हरकत नाही. (हे खोटे आहे, पण कायद्याला एवढे पुरे.)

३. अटीचे कारण. वीस वर्षांपूर्वी नगरसभेने आपल्या दालनासाठी बोधपर चित्र मागितले: महापंडित ॲरिस्टॉटल मोहापायी घोडा होऊन रांगतो, सुंदर फिलिस त्याच्या पाठीवर बसते, आणि शिष्य सिकंदर खिडकीतून गुरूची फजिती बघतो. फिलिस म्हणून माखतेल्ड बसली. रांगायला मी मुद्दाम हेरब्रांटला बोलावले. हेरिंग मासे खायच्या निमित्ताने त्याचे आमच्याकडे येणे फार वाढले होते. गावाने त्याला हसावे असा माझा बेत. शहाण्या सिकंदराला मी माझा चेहरा दिला. गाव हसले, पण खिडकीतल्या नवऱ्याला. वर हेरब्रांटने त्या चित्राचे छापे काढले आणि ते अँटवर्पपर्यंत खपले. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

४. नगरसभेने नाकारलेले ते चित्र माखतेल्डने ठेवावे. त्यात ती हसते आहे. लग्नाच्या तीस वर्षांत माझ्यासमोर ती तशी कधी हसलेली नाही. रंगवताना माझा जळफळाट होत होता आणि हात चालत होता. माझ्या हातून तेवढेच काम उत्तम उतरले. दोनदा जाळायला काढले, जमले नाही.

५. वरील मजकूर आज सकाळी माखतेल्डला वाचून दाखवला. हेरब्रांटही हजर होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे नोटरी म्हणाले, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावले.

"अरे वाउटर," तो म्हणाला, "माझ्या पदरात काही पडू नये म्हणून बोलावलंस होय? नुसतं सांगितलं असतंस तरी सही केली असती."

मग वीस वर्षे न विचारलेले मी माखतेल्डला विचारले. त्या दिवशी हसलीस ती कोणासाठी?

"अहो, कोणासाठी काय? एवढा बाप्या माणूस तोंडात लगाम धरून खिंकाळायला लागला, मग हसू नाही येणार? तुम्ही रांगला असतात ना, तर पोट धरधरून हसले असते. पण तुम्हाला खिडकीच हवी होती."

तिचे खरे आहे, असे माझी बुद्धी सांगते. कलम दोनमधील अट तशीच ठेवली आहे.

सही: वाउटर आरेंट्स
साक्षीदार: हेरब्रांट यान्स, खोदकाम करणारा, लाउरेन्स पीटर्स, शेजारचा पाववाला
हार्लेम, १४ मार्च १६११