गुलाबी बाटली

प्रिय ताई,

फोनवर तू विषय बदलतेस आणि मग भांडखोर मीच ठरतो, म्हणून या वेळी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दाजींकडून वाचून घे, पण त्यांच्यावर चिडू नकोस. टिंगीच्या डॉक्टरीणबाईंनी तुला दोनदा विचारलं, घरात झुरळांसाठी काही फवारता का, आणि तू दोन्ही वेळा नाही म्हणालीस, हे दाजींनीच मला सांगितलं. पलंगाखाली मी आणून दिलेली औषधाची गुलाबी बाटली असताना नाही म्हणालीस. वर घर स्वच्छ ठेवा असं त्या म्हणाल्या म्हणून आता रोज दोनदा मारतेस.

माझं इथे बरं चाललंय. दिवसाला तीन-चार घरं फवारून होतात. पाठीवर पंप, हातात मोजे, तोंडाला मास्क. घरातल्या माणसांना आम्ही चार तास बाहेर बसवतो. परवा एका आजोबांची माशांची टाकी मी स्वतः उचलून शेजारी नेऊन ठेवली. ते म्हणाले, एवढी काळजी माझी सूनही घेत नाही. मी हसलो, आणि मग आपलं घर आठवलं. सुट्टीवर येताना कंपनीच्या डब्यातलं औषध शाम्पूच्या रिकाम्या गुलाबी बाटलीत भरून आणलं, मोठा तीर मारल्यासारखं. डब्यावरचं बारीक अक्षर मला कुठे धड वाचता येतं, आणि जे लिहिलं होतं ते डब्यावरच राहिलं. तुझी टिंगी तेव्हा रांगत होती. तू संध्याकाळी मारून खिडकी लावून घ्यायचीस. मी म्हणायचो, हात आखडता घेऊ नकोस, संपलं की आणतो. तीन वेळा आणलं.

त्यानेच तिला रक्ताचा कॅन्सर झाला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे खरं. तू तेच धरून बसतेस. पण ज्यांच्या घरी फवारायला जातो त्या एका नर्सबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, झालं ते झालं, पण घरात फवारणी असेल तर अशी मुलं उपचारात मागे पडतात असं दिसून आलंय, म्हणून तर डॉक्टर विचारतात.

तू का गप्प बसलीस ते कळतं मला. माल चोरीचा, भावाची नोकरी जाईल. तर सोमवारी मी मुकादमाला सगळं सांगून टाकलं. त्याने सगळ्यांसमोर माझी सालटी काढली, पगार कापला, पण कामावर ठेवलं. औषधाचं नाव त्याच्याकडूनच लिहून घेतलंय, चिठ्ठी सोबत आहे. ती डॉक्टरीणबाईंच्या हातात दे आणि भावाने आणलं होतं म्हणून सांग. बाटली मोरीत ओतू नकोस, घट्ट झाकून घराबाहेर उंचावर ठेव, मी येऊन नेतो. टिंगीची गादी बदल, ओट्यामागची भोकं सिमेंटने बुजवून घे, आणि तरी झुरळ दिसलं तर चप्पल आहे. कापून उरले ते सगळे पाठवतोय, चार हजार तीनशे.

तुझाच,
धाकटा