न थांबलेली प्लेट

४ जानेवारी
सकाळी ११.१० ला कारखान्याच्या गेटवरच्या शिपायाने मला आजी म्हटलं. बासष्टाव्या वर्षी नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्या बाईला! पाचवीतल्या पोरासारखा सरळ उभा केला त्याला. बाकी दिवस झकास. चाचण्यांचे निकाल रजिस्टरात लिहायचे, खाली सही करायची, एवढंच काम. इथेच कामाला असलेल्या धाकट्या भावाने आपली रोलिंग मिल, पोलाद लाटायचं यंत्र, दाखवली. पोलादात थोडं मँगनीज, चिमूटभर नायोबियम. तापून पिवळीधमक झालेली लादी अर्धी लाटली की मंद लाल होईपर्यंत तिला थांबवायचं, मगच उरलेली लाटायची. त्या थांब्याने पोलादाचे कण बारीक होतात आणि प्लेट कडाक्याच्या थंडीतही तडकत नाही. ताई, आम्हाला पगार थांबण्याचाच मिळतो, म्हणाला.

१९ जानेवारी
सकाळी १०.२० ला मॅनेजरने थांबा रद्द केला. ऑर्डर घाईची म्हणे. भाऊ भांडला, तर त्याची टाक्यांच्या विभागात उचलबांगडी. दुपारी त्या प्लेटचा नमुना गारठवून त्यावर हातोडा सोडला. बिस्किटासारखा मोडला, मोडलेली कड साखरेसारखी चमकत होती. मी ठसठशीत लिहिलं, नापास.

२० जानेवारी
रजिस्टरात 'पास' आहे. खाडाखोड नाही. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी छडी मारून वळवलेला माझा तिरका सात, माझीच सही. मी हे लिहिलेलं नाही! मॅनेजरला जाब विचारला. सही तर तुमचीच आहे मॅडम, म्हणाला आणि चहा मागवला.

८ फेब्रुवारी
रजिस्टरातलं ते पान तीनदा फाडलं. तीनदा सकाळी जागेवर होतं. हाताला कोमट लागतं.
त्याच प्लेटांची टाकी उभी राहिली. उद्या तिच्यात हाडं गोठवणारा द्रव भरणार, आणि खाली पहाऱ्याला भाऊ. जाऊ नकोस म्हणून विनवलं. तो म्हणाला, ताई, तू पास केलीस म्हणून तर निर्धास्त आहे.

९ फेब्रुवारी
रजिस्टरात आजची नोंद आधीच आहे. '१०.२०. टाकी तडकली. माणूस एक.' माझं अक्षर —
टाकीकडे धावले. शिपायाने अडवलं. आजी, घरी जा — आज त्याला सरळ उभा केला नाही, हात जोडले. भाऊ फोन उचलत नाही.
मॅनेजरसाहेब, माझ्या हाताने हे कोण लिहितं? लेखी उत्तर हवं, १०.२० च्या आत, आणि त्याला तिथून बाहेर —
१०.१८. पेन मी खाली ठेवलंय. अक्षरं तरी उमटतायत — माझीच — टाकी त